चिनी ऋतुचर्या

आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. प्रश्न एकच आहे. पण तो विचारण्यापूर्वीं बाईंनीं आपलें सारें घर आमच्यापुढें मांडलें आहे, आणि तें त्यांनीं बरें केलें, कारण प्रकृतीचा प्रश्न घर पाहिल्यावांचून सुटत नाहीं. त्यांचे चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त चार वर्षें शांघायला होतीं, तीं ह्या दिवाळीस परत आलीं. येतांना सूनबाईंनीं चोवीस खणांचें एक रंगीत ऋतुचक्र आणलें, तें स्वयंपाकघरांत भिंतीवर लागलें. त्याबरोबर कांहीं सुक्या पाल्याच्या पुड्या, बरणीभर काळसर अवलेह आणि पाठीला चिकटवावयाच्या लेपाचीं पाकिटें आलीं. घरांत सासूबाई आहेत. वय त्र्याहत्तर, आणि दमा वीस वर्षांचा. थंडी पडली कीं तो उसळतो. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, आजेसासूबाईंना ह्या थंडींत अवलेह द्यावा, येत्या उन्हाळ्यांत लेप लावावा, म्हणजे पुढल्या थंडीपर्यंत दमा मुळांतूनच जाईल आणि तोंडांत ओढावयाचा औषधी फवारा सोडून देतां येईल. त्याच घरांत चुलतसासरे आहेत. संस्कृतचे सेवानिवृत्त शिक्षक, वाग्भट मुखोद्गत. ते म्हणतात, "आपल्या घरीं सहा ऋतूंची चर्या असतांना चार ऋतूंची उसनी कशाला आणावयाची?" ह्या ओढाताणींत सासूबाई स्वतः कांहींच बोलत नाहींत, त्या पूर्वींप्रमाणेंच पहाटे साडेचारला उठतात, स्नान करतात आणि ओल्या केसांनीं तुळशीपाशीं दिवा लावावयास अंगणांत जातात. शेवटीं बाई विचारतात, "आम्हीं कोणाचें ऐकावें?"

फवाऱ्यापुरतें उत्तर आम्हीं त्याच दिवशीं कळविलें: डॉक्टरांच्या सांगण्यावांचून तो एक दिवसहि बंद करूं नये. दम्यांत श्वासनलिकांना आंतून सूज असते. रोजचा फवारा ती दाबून ठेवतो. रोग्यास बरें वाटतें तें त्यामुळेंच वाटतें, आणि बरें वाटूं लागलें म्हणून तो सोडला कीं सूज पुन्हां डोकें वर काढते. अशा वेळीं येणारा झटका जिवावर बेततो. एवढें सांगून झाल्यावर उरलेला प्रश्न मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे, म्हणून तो ह्या सदरांत घेत आहों.

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ म्हणजे 'ह्वांगदी नेइजिंग'. इसवी सनापूर्वींच्या शेवटल्या दोन-तीन शतकांत त्याचें संकलन झालें असें विद्वान सामान्यतः मानतात. त्याचे दोन भाग आहेत, 'सू-वेन' आणि 'लिंग-शू', आणि प्रत्येकांत ८१ अध्याय. पीत सम्राट प्रश्न करतो आणि छी-बो नांवाचा जाणता वैद्य उत्तर देतो, अशी त्याची मांडणी. आत्रेय आणि अग्निवेश ह्यांची आठवण आमच्या वाचकांस सहजच होईल. सू-वेनच्या अगदी आरंभीं, दुसऱ्याच अध्यायांत, चार ऋतूंनीं कसें वागावें हें सांगितलें आहे. शरीरांतील अवयवांचें वर्णन पुढें येतें, नाडीपरीक्षा पुढें येते, सुया टोंचण्याची विद्या तर फार पुढें, आधीं ऋतु. ग्रंथकारांच्या मनांत कशाला अग्रपूजेचा मान होता तें ह्यावरून दिसतें.

त्या अध्यायाचा आशय असा आहे. वसंताच्या तीन महिन्यांत सर्व कांहीं उगवत असतें, म्हणून माणसानें रात्रीं थोडें उशिरां निजावें, सकाळीं लवकर उठावें, अंगणांत ऐसपैस पावलें टाकीत हिंडावें, केस मोकळे आणि वस्त्र सैल असावें, आणि मनांत जें उगवूं पाहतें त्यास उगवूं द्यावें. ह्या दिवसांत द्यावें, हिरावूं नये. शाबासकी द्यावी, शिक्षा करूं नये. ग्रीष्मांतहि उशिरां निजावें, लवकर उठावें; दिवस मोठा झाला म्हणून त्रासूं नये आणि मुख्य म्हणजे रागावूं नये. शरदांत कोंबड्यांबरोबर निजावें आणि कोंबड्यांबरोबर उठावें, पसरलेलें मन हळूहळू आवरतें घ्यावें. आणि हेमंतांत, जेव्हां पाणी गोठतें आणि जमीन तडकते, तेव्हां लवकर निजावें आणि उशिरां उठावें. सूर्य वर येण्याची वाट पाहावी. थंडी टाळावी, ऊब धरावी, घाम गळूं देऊं नये. आणि एखादी मनाजोगी गोष्ट गुपचूप हातीं आलेल्या माणसाप्रमाणें मन आंतल्या आंत तृप्त ठेवावें.

आम्हांस ह्यांत दोन गोष्टी विशेष वाटल्या. पहिली ही कीं, ऋतूंच्या ह्या चारहि उपदेशांत खाण्यापिण्याचा उल्लेखच नाहीं. आज चिनी ऋतुचर्या म्हणून जें विकलें जातें तें बहुतेक खाण्याचें किंवा पिण्याचें असतें: अमक्या ऋतूचा चहा, तमक्या ऋतूचा काढा. मूळ ग्रंथानें आरंभ केला आहे तो झोंपेपासून, कपड्यांपासून आणि रागलोभापासून. ह्या गोष्टी पाकिटांत भरतां येत नाहींत, म्हणून बाजारांत त्यांचें नांव निघत नसावें. दुसरी गोष्ट अशी कीं, चुकीचें फळ त्याच ऋतूंत मिळतें असें तेथें म्हटलेलें नाहीं. वसंतांतील दुर्वर्तन यकृतास दुखावतें, पण विकार प्रकट होतो ग्रीष्मांत. हेमंतांत मूत्रपिंडास दिलेला ताप वसंतांत हातापायांच्या अशक्तपणानें वसूल होतो. वाण्याची उधारी जशी महिनाअखेरीस कळते तसा हा प्रकार आहे. रोग झाल्यावर औषध शोधणारा मनुष्य तहान लागल्यावर विहीर खणूं लागतो, असा त्या अध्यायाच्या शेवटींचा भाव आहे.

येथें आमच्या चौकस वाचकांस शंका यावी: ही कार्यकारणाची सांखळी खरी कशावरून? ती सर्वस्वीं खरी नाहीं, हें स्पष्टच सांगितलें पाहिजे. ग्रीष्मांत नियम मोडल्यास हृदय दुखावतें आणि शरदांत थंडी वाजून येणारे पाळीचे ताप येतात, असें तेथें म्हटलें आहे. हे ताप म्हणजे बव्हंशीं हिंवताप. पावसाळा सरतांना त्याचा जोर होतो हें निरीक्षण अचूक आहे. परंतु त्याचें कारण उन्हाळ्यांतील राग नव्हे, डास होय, हें १८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्यांनीं डासाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु पाहिला तेव्हांपासून सर्वांस ठाऊक आहे. गंमत अशी कीं, त्याच हिंवतापावरचें आजचें एक प्रभावी औषध ह्याच चिनी परंपरेंतून निघालें. तू यूयू ह्या विदुषी जुने ग्रंथ चाळीत होत्या. चौथ्या शतकांतील गे हुंग ह्या वैद्याच्या पुस्तकांत छिंगहाव नांवाची वनस्पति पाण्यांत भिजवून पिळून तिचा रस प्यावा असें त्यांच्या वाचनांत आलें, उकळावी असें नाहीं. उष्णतेनें गुण नाहींसा होत असावा हें त्यांनीं ताडलें आणि १९७१-७२ मध्यें कमी उष्णतेवर त्या वनस्पतीचें सत्त्व वेगळें काढलें. २०१५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. जुन्या ग्रंथाचें निरीक्षण घ्यावें, उपपत्ति तपासावी आणि औषध कसोटीस लावावें, असा हा क्रम आहे. चुलतसासरे आणि सूनबाई ह्या दोघांसहि तो सारखाच लागू आहे.

आतां भिंतीवरील त्या चोवीस खणांकडे वळूं. सूर्याच्या वार्षिक मार्गाचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस भाग पाडून चिनी लोकांनीं प्रत्येकास नांव दिलें आहे. एकेक भाग सुमारें पंधरा दिवसांचा. आपल्या संक्रांतीप्रमाणेंच हें सौर गणित आहे. अंतर इतकेंच कीं, चिनी गणना सायन असल्यामुळें त्यांचा उत्तरायणारंभाचा दिवस २१-२२ डिसेंबरलाच पडतो, आणि आपली निरयन मकरसंक्रांत आतां १४-१५ जानेवारीपर्यंत सरकली आहे. इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतच हे चोवीसहि भाग ठरले होते, आणि २०१६ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या अमूर्त वारशांत त्यांची गणना केली. त्यांचीं नांवें ऐकावीं अशीं आहेत. फेब्रुवारीच्या चवथ्या तारखेच्या सुमारास वसंताचा आरंभ. मार्चच्या पांच-सहास कीटकांना जाग येते. एप्रिलांत धान्याला हवा असलेला पाऊस. सप्टेंबरच्या सात-आठास शुभ्र दंव. ऑक्टोबरच्या शेवटीं तेंच दंव गोठून खालीं उतरतें. आणि जानेवारीच्या विसाव्या तारखेस महाशीत. हीं नांवें वैद्यानें दिलेलीं नाहींत. शेतकऱ्याला केव्हां पेरावें आणि केव्हां कापावें हें कळावें म्हणून तीं जन्मास आलीं, आणि वैद्यानें तीं मागाहून उचललीं.

तो शेतकरी होता पीत नदीच्या खोऱ्यांतला. तेथें हिवाळा कोरडा आणि कडाक्याचा असतो, वसंतांत धुळीचे वारे सुटतात, पाऊस मुख्यतः जुलै-ऑगस्टांत पडतो आणि शरद निरभ्र व शुष्क जातो. चिनी वैद्यकांतील पंचतत्त्वांची जुळणी ह्या हवेशीं ताडून पाहावी. वसंताचा विकार वारा, ग्रीष्माचा उष्मा, ग्रीष्माच्या अखेरीस दमटपणा, शरदाचा कोरडेपणा, हेमंताचें शैत्य. आणि त्यांस अनुक्रमें यकृत, हृदय, प्लीहा, फुप्फुस व मूत्रपिंड हीं बांधलेलीं. हें कोष्टक एका विवक्षित मैदानाच्या आकाशाखालीं तयार झालें आहे. शरदांत फुप्फुसें कोरडीं पडतात म्हणून खडीसाखर घालून वाफवलेलें नासपतीचें फळ खावें, हा तेथील घरगुती उपाय त्या कोरड्या हवेंत अगदीं योग्य आहे. आपल्याकडे त्याच दिवसांत काय असतें? परतीचा पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा, आणि कोंकणांत तर अंगाला चिकटणारा घाम. चक्रावरील शरदारंभ ७-८ ऑगस्टला येतो. तेव्हां आपल्याकडे श्रावणाच्या आगेंमागें पागोळ्या गळत असतात. आपल्या चातुर्मासाला त्या चक्रांत खणच नाहीं.

हें चिनी लोकांस कळत नव्हतें असें नाहीं. त्याच सू-वेनच्या बाराव्या अध्यायांत देश तसा उपाय ह्या विषयाची चर्चा आहे. पूर्वेकडील किनाऱ्यावरचे लोक मासे आणि मीठ फार खातात, त्यांस गळवें होतात, त्यांस दगडी सुई. पश्चिमेच्या डोंगराळ लोकांस औषधी. उत्तरेच्या थंड मुलखांत शेक. दक्षिणेच्या दमट प्रदेशांत बारीक सुया. आणि मध्यभागीं, जेथें लोक सुखवस्तु आणि कष्ट कमी, तेथें व्यायाम व मर्दन. आजहि दक्षिणेस ग्वांगदुंग प्रांतांत, जेथें हिंव क्वचितच पडतें, लोक महाशीताची चिंता करीत नाहींत. तेथें दमट उष्म्यावर 'लियांगछा' म्हणजे शीतल काढ्याची चाल आहे, आणि २००६ सालीं चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादींत तिचा समावेश झाला. उत्तरेचें चक्र दक्षिणेंतले चिनी लोकच जसेंच्या तसें पाळीत नाहींत, तर आपण तें भिंतीवर लावून त्याबरहुकूम चालावें ह्यांत फारसा अर्थ नाहीं. भिंतीला शोभा म्हणून तें असूं द्यावें.

पण मग घेण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, आणि तें घरगुती आहे. उन्हाच्या तलखींत चिनी घरांतून मूग उकडून त्यांचें पातळ गोड पाणी करतात आणि निववून सर्वांस देतात. आपल्या मुगाच्या कढणाचीच ती बहीण. हिवाळ्यांत मुळा खावा आणि उन्हाळ्यांत आलें, अशा अर्थाची एक म्हण तेथें सर्वतोमुखी आहे. प्रथमदर्शनीं ती उलटी वाटते. आलें तर उष्ण, तें उन्हाळ्यांत कशाला? त्याचें कारण ते असें देतात कीं, थंडींत शरीराची ऊब आंत गोळा होते, खाणें जड होतें, तेव्हां तें हलकें करावयास मुळा लागतो. उलट उन्हाळ्यांत ऊब कातडीकडे येते, वर माणूस गार फळें व गार पाणी घेतो, तेव्हां आंतील मंद अग्नीस आल्याचा आधार हवा. चुलतसासऱ्यांनीं आतां चरकाचा सहावा अध्याय काढावा. शीतकालीं बाहेरच्या थंडीनें कोंडलेला अग्नि आंत प्रबल होतो हेंच तेथें सांगितलें आहे. दोन प्राचीन लोक, दोन भाषा, मध्यें हिमालय, आणि पोटाविषयींचा अनुभव एक! आम्हांस हें वाचून फार समाधान वाटलें.

थंडीविषयींची त्यांची आणखी एक चाल मुलांबाळांच्या घरास आवडेल. उत्तरायणारंभापासून नऊ-नऊ दिवसांचे नऊ गट मोजले म्हणजे ८१ दिवसांनीं थंडी सरते. हे दिवस मोजण्यासाठीं आलुबुखाऱ्याच्या जातीच्या एका झाडाची फुललेली फांदी कागदावर रेखाटतात. नऊ फुलें, प्रत्येकीस नऊ पाकळ्या, सर्व कोऱ्या. रोज एक पाकळी रंगवावयाची. शेवटली पाकळी रंगली कीं मार्चचा मध्य आलेला असतो आणि खिडकीबाहेर खरीं फुलें दिसूं लागतात. ह्यांत औषध कांहीं नाहीं. पण घरांतील सर्वांत लहान मूल रोज सकाळीं बाहेरची हवा पाहतें, आणि ऋतुचर्येचा पहिला धडा तोच आहे.

बरणींतल्या अवलेहाकडे मात्र आम्हांस कडक नजरेनें पाहावें लागतें. शांघाय आणि त्याच्या आसपास 'गावफांग' नांवाचा पौष्टिक अवलेह हिवाळ्यांत, उत्तरायणारंभापासून फेब्रुवारीच्या आरंभापर्यंत, रोज सकाळीं गरम पाण्यांतून घेण्याची पद्धत आहे. आपल्या डिंकाच्या लाडवांची वा च्यवनप्राशाची जागा तेथें तो घेतो, आणि पूर्वींपासून वैद्य प्रत्येक माणसाची नाडी व जीभ पाहून तो वेगवेगळा बनवून देतात. आतां दोन गोष्टी. एक, त्याला घट्टपणा आणण्यासाठीं जो डिंक घालतात तो पुष्कळदां 'अज्याव' असतो, आणि अज्याव म्हणजे गाढवाचें कातडें उकळून काढलेला सरस. आमच्या वाचक घरांपैकीं बहुतेकांस एवढेंच वाक्य पुरे होईल. ह्या सरसासाठीं आफ्रिकेंतील गाढवांची इतकी कत्तल होऊं लागली कीं, २०२४ च्या फेब्रुवारींत आफ्रिकी संघास कातड्यांसाठीं होणाऱ्या त्या कत्तलीवर बंदी घालण्याचा निर्णय घ्यावा लागला. मधावर केलेला निरामिष अवलेहहि तेथें मिळतो. परंतु ह्या घरांतील बरणीवर केवळ चिनी लिपी आहे, आणि सूनबाईंस ती पुरती वाचतां येत नाहीं. दुसरी गोष्ट ह्याहून महत्त्वाची. जो अवलेह एका माणसाची प्रकृति पाहून करावयाचा, तो न पाहिलेल्या त्र्याहत्तर वर्षांच्या बाईंस तयार बरणींतून देणें हें त्या शास्त्राच्याच विरुद्ध आहे. शिवाय केवळ वनस्पतींचीं म्हणून विकल्या जाणाऱ्या दम्याच्या औषधांत स्टेरॉइड मिसळल्याचें कित्येक देशांत, आपल्याहि देशांत, तपासणींत आढळलेलें आहे. अशा औषधानें चार दिवस चमत्कारासारखा उतार पडतो आणि घरांतील माणसें फसतात.

राहिला लेप. त्याची कल्पना आम्हांस खरोखरच आवडली. हिवाळ्यांतील रोगावर उन्हाळ्यांत उपाय करावा, शत्रु झोंपलेला असतांना त्यास गांठावें, असा तिचा मथितार्थ. दक्षिणायनारंभानंतरच्या ठराविक दिवसापासून मोजलेले तीस वा चाळीस दिवस चीनमध्यें वर्षांतील सर्वांत उष्ण समजले जातात. ते जुलैच्या मध्याच्या सुमारास लागतात व ऑगस्टांत संपतात. त्यांचे तीन भाग. प्रत्येक भागाच्या आरंभीं रोग्याच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही बाजूंस, लेपाच्या टिकल्या लावून कांहीं तास ठेवतात. हा प्रयोग १६९५ सालच्या झांग लू ह्यांच्या ग्रंथांत दम्यासाठींच दिलेला आहे, आणि आज चीनमधील रुग्णालयांतून त्या दिवशीं लोकांच्या रांगा लागतात. लेपांत असतें काय? पांढऱ्या मोहरीचें चूर्ण, कोरिडॅलिसचा कंद, शेराच्या कुळांतील गानसुइ नांवाची विषारी मुळी, शीशिन नांवाची तिखट मुळी, आणि हें सर्व कालवावयास आल्याचा रस. मोहरी कातडीवर किती वेळ ठेवली म्हणजे फोड येतो हें आपल्या आज्यांस चांगलें ठाऊक होतें. तेथें तर तो फोड येणें कित्येक वैद्य शुभ मानतात. त्र्याहत्तराव्या वर्षीं कातडी पातळ झालेली असते. फोड फुटून चिघळल्यास तें निस्तरणें सोपें नाहीं.

शीशिनबद्दल आणखी एक शब्द. ती ज्या कुळांतली आहे त्या कुळांतील वनस्पतींत अॅरिस्टोलोकिक आम्ल असतें, आणि तें पोटांत गेल्यास मूत्रपिंडास मारक आहे. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ब्रसेल्समध्यें वजन उतरविण्यासाठीं चिनी औषध घेणाऱ्या स्त्रियांस एका मुळीऐवजीं चुकून त्या कुळांतील दुसरी मुळी दिली गेली, आणि सुमारें शंभर स्त्रियांचीं मूत्रपिंडें बिघडलीं. लेप पोटांत घ्यावयाचा नाहीं हें खरें. पण जें पाकीट नातवंडांच्या हातीं लागूं शकतें तें कशाचें आहे हें घरास माहीत असावें. लेपाच्या गुणाविषयींहि एक अडचण आहे. औषधाची परीक्षा करावयाची तर निम्म्या रोग्यांस खरें औषध व निम्म्यांस खोटें द्यावें, आणि कोणास काय मिळालें हें त्यांस कळूं नये, अशी रीत आहे. खऱ्या लेपानें पाठ भाजते. न भाजणारा लेप मिळालेल्या माणसास आपला लेप खोटा आहे हें घटकेभरांत कळतें. मग त्यास बरें वाटलें कीं नाहीं ह्या उत्तरावर कितपत विसंबावें? म्हणून सूनबाईंचा हेतु कितीहि मायेचा असला तरी हीं पाकिटें घरच्या घरीं लावूं नयेत. छातीच्या डॉक्टरांनीं प्रत्यक्ष पाहून हरकत नाहीं म्हटलें, आणि जाणत्या माणसाच्या हातून होणार असेल, तर ती निराळी गोष्ट. फवारा मात्र तेव्हांहि चालूच राहील.

आतां चुलतसासऱ्यांशीं दोन शब्द. आपल्या मुलखास आपलीच ऋतुचर्या जुळते हें त्यांचें म्हणणें आम्हांस बव्हंशीं मान्य आहे. वर्षा ऋतूंत अग्नि मंद होतो हें सांगणारा ग्रंथ पावसाच्या देशांतच लिहिला जाणार. एका ऋतूचे शेवटचे सात आणि दुसऱ्याचे पहिले सात दिवस संधीचे धरून त्यांत जुनें हळूहळू सोडावें व नवें हळूहळू धरावें, ही वाग्भटाची सूचना तर चिनी पंधरवड्यांच्या तोडीची, किंबहुना अधिक व्यवहार्य आहे. पण त्यांस आम्ही नम्रपणें एक विचारतों. ब्राह्ममुहूर्तावर उठावें हें वाग्भट कोणास सांगतो? तो स्वस्थ म्हणजे निरोगी माणसास सांगतो. तो शब्द त्या श्लोकांत स्पष्ट आहे. वीस वर्षें दमा असलेली वृद्ध स्त्री त्या शब्दांत बसते काय? थंड, कोरडी हवा दम्याच्या श्वासनलिका आंवळून टाकते हें आजचें वैद्यक सांगतें. हेमंतांत सूर्य वर येण्याची वाट पाहा, असें दोन हजार वर्षांपूर्वींचा छी-बो सांगतो. आणि वाग्भटाचाहि त्यास विरोध नाहीं. तिघांचें एकमत झालेली ही एवढी एकच गोष्ट आम्हांस ह्या सगळ्या प्रकरणांत सांपडली, आणि नेमकी तीच त्या घरांत कोणी बोललेलें नाहीं. सूनबाईंनीं शांघायहून बरणी आणली, चुलतसासऱ्यांनीं पोथी काढली, आणि सासूबाई मार्गशीर्षांतल्या धुक्यांत ओल्या केसांनीं अंगणांत उभ्याच आहेत.

त्यांस हें कोणीं सांगावें हा प्रश्न नाजूक आहे हें आम्ही जाणतों. सुनेनें किंवा नातसुनेनें सांगितल्यास त्या हंसून सोडून देतील. पन्नास वर्षांचा नेम आहे. आमच्या मतें तें दीरांनींच सांगावें. "वहिनी, माघ संपेपर्यंत दिवा मी लावीन, तुम्हीं ऊन अंगणांत आल्यावर पाणी घालावयास या," असें त्यांनीं म्हटल्यास त्यांचा शब्द मोडला जाणार नाहीं, आणि पोथीचाहि मान राहील. स्नान ऊन पाण्यानें, उन्हें वर आल्यावर, केस कोरडे करूनच बाहेर पडणें, नाकातोंडावरून शालीचा पदर. इतकें थंडी सरेपर्यंत. आणि त्या पाकळ्यांचें चित्र सूनबाईंनीं जरूर काढावें. २२ डिसेंबरच्या सुमारास आरंभ करावा, रोजची पाकळी आजीनें सकाळच्या उन्हांत बसून नातवंडांकडून रंगवून घ्यावी. रंगपेटीजवळच फवारा ठेवावा, म्हणजे सकाळची मात्रा चुकणार नाहीं.